मोबदल्याचे पैसे आणि डेट्रॉईटची घरं

नोवाय, मिशिगन

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रस्त्यात गेलेल्या मळ्याचा मोबदला एकदाचा हातात पडला, हे कळून बरं वाटलं. पण ‘पाच लाखांत अमेरिकेत घर’ असा कुणाचा तरी व्हिडिओ बघून त्या पैशातून तू आणि तुझा मित्र डेट्रॉईटची जप्तीतली घरं घ्यायचं म्हणताय, त्याला माझा साफ विरोध आहे. फोनवर आई मध्ये बोलते, तुला दुकानात गिऱ्हाईक येतं, विषय अर्धा राहतो. म्हणून सविस्तर लिहितेय.

पाच लाखांत अमेरिकेत घर, हे अगदीच खोटं नाही. डेट्रॉईट ज्या वेन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात येतं, तिथे घरपट्टी तीन वर्षं थकली की काउंटी घर ताब्यात घेते आणि ऑनलाइन लिलावात काढते. सप्टेंबरात न खपलेल्या घरांची बोली ऑक्टोबरात कित्येक वर्षं 500 डॉलरपासून सुरू व्हायची. मात्र बोली लावण्याआधी घर आतून बघता येत नाही. बंद घरातले तांब्याचे पाइप चोर उपटून नेतात, घर गरम ठेवायची भट्टी नेतात, उरलेल्या पाइपांत थंडीत पाणी गोठलं की ते फुटतात. 1978 च्या आधीच्या घरांत शिशाचा रंग असण्याची भीती, आणि डेट्रॉईटची बहुतेक घरं त्याहून जुनी. भाड्याने द्यायचं तर शहराकडे नोंदणी आणि तपासणी लागते. वर, मालक बदलला की घरपट्टीच्या वाढीवरची जुनी मर्यादा उठते, आणि मालक स्वतः राहत नसेल तर त्याला जास्त दराने कर बसतो.

हा झाला पैशाचा हिशेब. ही घरं लिलावात आली कशी, तेही बघ. 2008 च्या मंदीनंतर घरांच्या किमती कोसळल्या, पण शहराने कराची आकारणी त्या मानाने उतरवलीच नाही. 2010 ते 2016 या काळात डेट्रॉईटकरांवर किमान 60 कोटी डॉलर जादा कर लागला, असं तिथल्या ‘डेट्रॉईट न्यूज’ने 2020 मध्ये हिशेब करून छापलं. गरिबांना करमाफीची सोय होती, पण कित्येकांना ती माहीतच नव्हती. म्हणजे मुळात जो कर लावायलाच नको होता, तो थकला म्हणून लोकांची घरं गेली. आम्ही राहतो त्या ओकलंड काउंटीत तर भाड्याने द्यायला घर घेतलेल्या एका गृहस्थांचे करातले 8 डॉलर 41 सेंट भरायचे राहिले. त्यापायी त्यांचं घर काउंटीने 24,500 डॉलरला विकलं आणि वरचे सगळे पैसे ठेवून घेतले. अशी वरची रक्कम मूळ मालकाची, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला 2020 मध्ये सांगावं लागलं. अशा लिलावात आबांच्या मळ्याचा पैसा जावा, हे मला सहन होणार नाही.

तुझा मित्र म्हणतो ती दुसरी तऱ्हा, म्हणजे बँकेचं कर्ज बुडालं म्हणून शेरिफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) लिलावात काढतो ती घरं. माझ्या ऑफिसातल्या एकाने तसं एक घेतलं, म्हणून ती मला जवळून माहीत आहे. लिलाव संपला की घर आपलं होत नाही. जुन्या मालकाला पैसे भरून घर सोडवून घ्यायला बहुधा सहा महिने मिळतात आणि तोवर त्याला तिथे राहायचा हक्क असतो. ते सहा महिने सरल्यावर हा दार वाजवायला गेला. एकटं जायला त्याला अवघड वाटत होतं, म्हणून मीही गेले. दार एका आजींनी उघडलं, मागे दोन नातवंडं. मालक कधी बदलला याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्या भाडेकरू होत्या आणि दर महिन्याचं भाडं जुन्या मालकाला देत होत्या. पावत्यांचा गठ्ठा त्यांनी आमच्यासमोर ठेवला, एकही महिना चुकलेला नव्हता. अशा भाडेकरूला केंद्राच्या कायद्याने किमान 90 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि करार बाकी असेल तर साधारणपणे तो संपेपर्यंत थांबावं लागतं. कायदा योग्यच आहे. त्या बाईंचा काय दोष होता?

एवढं करूनही कोणी हललं नाही तर कोर्टात दावा, तारीख, निकाल, निकालानंतर बहुधा दहा दिवसांची मुदत, मग बेलिफ. कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं हे मालकाने परस्पर केलं तर ते बेकायदा ठरतं. बेलिफ येतो तेव्हा गाद्या, भांडी, मुलांची दप्तरं सगळं बाहेर निघतं. मी ते रस्त्यावरून जाताना पाहिलंय. शिवाय कोर्टात नाव गेलेल्या भाडेकरूला पुढचा मालक दारात उभं करत नाही, वर्षानुवर्षं. माझ्या सहकाऱ्याने कोर्टाचं नाव काढलं नाही. आजींना दुसरीकडे जायला पैसे दिले, मुलांची शाळा संपेपर्यंत थांबला. त्याचा मला आदर वाटतो. पण तो इथे राहतो, गाडी काढून जाऊ शकतो. तू मिरजेतून काय करणार?

पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची हरकत नाही, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. पण परदेशी मालकाच्या भाड्यातून, वेगळा अर्ज केला नाही तर, 30 टक्के कर आधीच कापतात. घर विकताना विक्रीच्या किमतीतले 15 टक्के सहसा अडकवून ठेवतात आणि पुढे विवरणपत्र भरून जादाचे परत मागावे लागतात. व्हिडिओवाल्याने यातलं काही सांगितलंय का?

आपल्याकडेही पेपरात बँकेच्या लिलावाच्या नोटिसा येतात. त्यात ‘सांकेतिक ताबा’ लिहिलं असेल तर आत माणसं असतात, हे तुला चांगलं ठाऊक आहे. सांगलीतला तसला गाळा तू स्वतः नको म्हणालास. मग इथे का हवं?

तरीही मन मानत नसेल तर त्या घराचा पत्ता आणि पार्सल नंबर (काउंटीच्या दफ्तरातला मिळकतीचा क्रमांक) मित्राकडून मागून मला पाठव. काउंटीच्या दफ्तरात त्यावरचा बोजा, थकलेला कर आणि आधीच्या मालकाचे कागद मी स्वतः बघते. पत्ता द्यायला त्याने टाळाटाळ केली तर एक रुपयाही देऊ नकोस. तोवर रक्कम ठेवीत राहू दे आणि वहिनींना विचारल्याशिवाय कशावर सही करू नकोस. आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
वैशू