क्रिएटिनिन वाढलं म्हणजे रिजेक्शनच काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डेंगी-चिकनगुन्याच्या बातम्या रोज येतात, पण किडनी बदललेल्या पेशंटला गाठणाऱ्या बीके नावाच्या व्हायरसबद्दल कोण बोलतच नाही, म्हणून लिहितोय.

धाकट्या भावाला आईची किडनी बसवून सात महिने झालेले. रक्तातलं क्रिएटिनिन (हा आकडा वाढला म्हणजे किडनीचं काम मंदावलं) १.३ होतं ते २.१ आलं. ताप नाही, दुखणं नाही, गडी शेताकडं फिरत होता. इथल्या दवाखान्यात रिजेक्शन, म्हणजे अंग नवी किडनी नाकारतंय, म्हणाले नि तीन दिवस स्टिरॉइड चढवलं, बायोप्सी नाही काही नाही, आणि आकडा उतरायचा सोडून २.८ वर गेला. मग ऑपरेशन झालेलं तिथं रातोरात गाडी करून नेलं, बायोप्सी आणि रक्ताची पीसीआर केली तेव्हा कळलं, बीके व्हायरस.

हा १९७१ साली लंडनमध्ये एका किडनी बदललेल्या पेशंटच्या लघवीत सापडला, त्याच्याच नावाची अक्षरं ह्याला चिकटली. बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरून किडनीत गप पडून असतो, तुमच्या-माझ्यात पण असेल. नवी किडनी टिकावी म्हणून रोज घ्यायच्या टॅक्रो (टॅक्रोलिमस), मायकोफेनोलेट ह्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबली की उठतो. आणि गोम इथंच आहे बघा, रिजेक्शनला स्टिरॉइडनं प्रतिकारशक्ती अजून दाबायची, बीकेला ह्या गोळ्या कमी करायच्या, म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला खतपाणी! बीकेवर खात्रीचं औषध नाही, डोस उतरवून वाट बघायची, लई उतरवला की खरंच रिजेक्शनची भीती. आई तर महिनाभर माझीच किडनी किडकी निघाली म्हणून रडत होती, तिला समजावताना नाकीनऊ आले.

भावाचं क्रिएटिनिन आता १.९ वर थांबलंय. १.३ काही परत आलं नाही.

पहिले नऊ महिने दर महिन्याला रक्तात बीके बघायचा, असं ट्रान्सप्लांटवाले डॉक्टरच सांगतात. पण आमच्याकडचे पेशंट ऑपरेशन लांब जाऊन करतात नि पुढची तपासणी गावाजवळ, तिथं क्रिएटिनिन आणि टॅक्रो लेव्हल (रक्तात ते औषध किती आहे) एवढ्यावर भागवतात. भावाचं बीकेचं सॅम्पल अजून बाहेर जातं, रिपोर्ट यायला चार-पाच दिवस. २०२० ला कोरोनात बेळगावात पीसीआर होत होती की, मग ही का होऊ नये? किट वेगळं लागेल, तेवढं मागवा. बोर्ड कुठल्या भाषेत ह्यावर सीमाभागात मोर्चे निघतात, असल्या गोष्टीवर कोण निवेदन पण देत नाही.

आणि घरच्यांनो, स्टिरॉइड चालू करायच्या आधी "बीके बघितला काय?" एवढं विचारा. आम्हाला तेव्हा सुचलंच नाही.

एक वाचक, निपाणी