एसटीतले डबे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेपर हातात आला की मी आधी वाचकांची पत्रं वाचते, बातम्या नंतर. एसटीवर पत्र असलं की ते बहुतेक तक्रारीचंच असतं, गाडी वेळेवर नाही, खिडकीची काच नाही, स्टँडवरचं बाथरूम बघवत नाही, आणि लोक लिहितात ते बरोबरच आहे, जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढलं म्हटल्यावर माणूस बोलणारच ना. त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण त्याच गाडीत रोज एक गोष्ट चालते ती कुणी लिहीत नाही, कारण ती इतकी रोजची झालीये की दिसायचीच बंद झालीये. पोरांचे डबे.

आम्ही ढेबेवाडी खोऱ्यातले, पाटण तालुका. इकडची पोरं दहावी झाली की कराडला जातात, कुणी सायन्सला, कुणी आयटीआयला, आता तर नर्सिंगला पण खूप मुली आहेत. रोज जाऊन-येऊन करणं सगळ्यांना जमत नाही, क्लास संध्याकाळी उशिरा सुटतो आणि डोंगरातल्या वाडीला जायला तेव्हा गाडी नसते, मग तीन-चार जणी मिळून रूम घेऊन राहतात. मेसचे पैसे प्रत्येकाला झेपत नाहीत. मग सकाळी आई भाकरी-कालवण करते, डबा वायरच्या पिशवीत घालून फाट्यावर उभी राहते आणि येणाऱ्या एसटीत देते. झालं, एवढंच. पावती नाही, पार्सलचा कागद नाही. डब्यावर ऑइलपेंटनं पोराचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, ते पण कधीकधी घासून घासून निम्मं गेलेलं. तळमावले, कोळे, विंग असं करत करत गाडी कराडला पोचेपर्यंत ड्रायव्हरच्या शेजारी पिशव्यांचा ढीग झालेला असतो. जुन्या गाड्यांना पुढं इंजिनचं बॉनेट असायचं, त्यावर ठेवला की भाकरी गरम राहायची, म्हणून प्रत्येक आईला आपलाच डबा बॉनेटवर पाहिजे असायचा आणि त्यावरून बायकांची भांडणं झालेली मी पाहिलीयेत.

मुंबईच्या डबेवाल्यांचं कौतुक सगळ्या जगानं केलं, इंग्लंडचे प्रिन्स चार्ल्स २००३ साली त्यांना भेटून गेले, आणि व्हायलाच पाहिजे कौतुक, पण तो त्यांचा धंदा आहे, त्याचे पैसे मिळतात, त्यांची संघटना आहे. आमच्या कंडक्टरला या डब्यांचे काय मिळतं? आमच्या रूटवर मी तरी कुणाला पैसे घेताना पाहिलेलं नाही. उलट ताप किती. तिकिटं फाडायची (म्हणजे आता मशीनमधून काढायची), गर्दीत वाट काढायची, सुट्ट्यांवरून बोलणी खायची, आणि त्यात कुणाची आमटी सांडली तर तीपण पुसायची. पोरगं स्टँडवर आलंच नाही तर डबा टाकून तर देता येत नाही, मग कंट्रोलरच्या केबिनमध्ये ठेवायचा नाहीतर पेपरच्या स्टॉलवाल्याला सांगायचं. तो स्टॉलवाला पण काही म्हणत नाही, बाकाखाली सरकवून ठेवतो आणि पोरगं आलं की ओरडतो, ए कोळ्याच्या, तुझा डबा हाय रं.

संध्याकाळच्या गाडीला रिकामे डबे परत येतात. त्यावरून एक सांगते, पत्र लिहायचं मूळ कारण तेच आहे.

माझी मुलगी अकरावीला असतानाची गोष्ट. एका संध्याकाळी कंडक्टर मामांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, वहिनी, आज बी डबा जड लागतोय, काल बी होता, पोरगी जेवत न्हाय वाटतं, जरा बघा. मी घरी येऊन उघडला तर खरंच, भाकरी तशीच, नुसती कडेनं तोडलेली. खरं सांगायचं तर आदल्या दिवशी भाजीचा वास बघून मला वाटलं होतं आवडली नसेल. फोन केला तर म्हणते सगळं ठीक आहे आई, अभ्यास चाललाय. दुसऱ्या दिवशी मी सकाळच्याच गाडीनं डब्यासोबत गेले तेव्हा कळलं की क्लासच्या टेस्टमध्ये मार्क फारच कमी पडले होते आणि ती कुणाला न सांगता नुसती रडत होती, रूमवरच्या मुलींना वाटत होतं पोट बिघडलंय. दोन दिवस घरी आणली, बोललो, मग रुळावर आली. आता ती पुढचं शिकतेय, मजेत आहे.

आता बघा, तिच्या क्लासमध्ये हजेरी लागते, कॉलेजात लागते, रूमच्या मालकीणबाई रोज बघतात, मी स्वतः रोज फोन करते. आणि कळलं कुणाला, तर ज्यानं तिला रोज अर्धा मिनिट पाहिलं असेल अशा माणसाला, ते पण डबा न उघडता. मी नंतर आभार मानायला गेले तर ते म्हणाले, अहो वहिनी, रोज एवढं डबं उचलतो, वजन कळतंच की, आणि घंटी मारून गाडी सोडली. मला अजून दोन वाक्यं बोलायची होती ती राहूनच गेली.

तेव्हापासून मला सवयच लागली बघायची. आता लोक यूपीआयनं तिकीट काढतात, पण सगळ्यांकडे कुठं असतो तसला मोबाईल, मग म्हातारी पदराची गाठ सोडत बसते आणि कंडक्टरकडे सुट्टे नसतात, तर शेजारचा कॉलेजचा पोरगा तिचं तिकीट स्कॅन करतो आणि तिच्याकडून नोट घेऊन स्वतःजवळचे सुट्टे देतो, मोबाईलवरची मान तशीच खाली. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं तेव्हापासून गाडीत बायकाच जास्त, कुणी दवाखान्याला, कुणी बाजाराला, आणि उभ्या असलेल्या बाईचं पोर बसलेलीच्या मांडीवर जातं ते विचारून नाही, सरळ उचलून घेतात. पोरही रडत नाही. दप्तरांचं तसंच, उभ्या पोरांची दप्तरं बसलेल्यांच्या मांडीवर. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट प्रवास आहे, पण आधारसारखं ओळखपत्र दाखवावं लागतं आणि ते नेमकं कुठल्या पिशवीत आहे हे आजीला सापडत नाही, तर मी असे कंडक्टर पाहिलेत जे पूर्ण गाडीची तिकिटं काढून परत तिच्याकडे येतात, सापडलं का आज्जे म्हणत. चिडके पण आहेत हो. पंधरा जण चांगले असले तरी एक असा भेटतोच की दिवस खराब करून टाकतो, आणि आपण घरी येऊन सांगतो ती त्या एकाचीच गोष्ट.

हे एकाच बाजूनं चालत नाही हेही लिहिते. डोंगरातल्या वाड्यांना मुक्कामी गाडी असते, रात्री येते, सकाळी पहिली तीच निघते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात, कधी गाडीतच. माझं माहेर तसल्याच गावात. आमच्याकडे कुणी ठरवून दिलेलं नाही पण थंडीत पहाटे त्यांच्या आंघोळीचं पाणी कुणाच्या तरी चुलीवर तापतंच, आणि रात्री कालवण बरं झालं असलं की एक वाटी गाडीकडे जाते. माझी आई तर आमच्या आधी त्यांना वाढून पाठवायची आणि आम्ही बोंबलायचो.

याची खरी किंमत संपात कळली. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीला एसटीचा संप सुरू झाला तो मिटायला २०२२ चा एप्रिल उजाडला. संप बरोबर का चूक यात मी पडत नाही, त्यांचे पगार काय होते आणि किती उशिरा व्हायचे ते आम्ही जवळून पाहिलंय. पण त्या महिन्यांत डबे बंद झाले. वडापवाले, म्हणजे खासगी जीपवाले, काही दिवस न्यायचे, कुणी दहा रुपये घ्यायचं, कुणी घ्यायचं नाही, पण वडापची वेळ नक्की नसते आणि भरल्याशिवाय ती हलत नाही, पोरगं स्टँडवर तासभर उभं. शेवटी आमच्याकडे दुधाच्या टेम्पोवाल्यानं डबे न्यायला सुरुवात केली, कॅनच्या मधे पिशव्या कोंबून, आणि कराडच्या नाक्यावर पोरं येऊन घेऊन जायची. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एका बाईनं हात केला, तो थांबला, मग सगळ्याच हात करायला लागल्या आणि बिचाऱ्याची पंचाईत झाली.

आता एवढं सगळं मी का लिहितेय. मधे एका पोरानं गाडीत डब्यांचा व्हिडिओ काढला, मागं रडकं म्युझिक लावून, वर लिहिलं खाकीतला देवमाणूस. कंडक्टर मामा आठवडाभर वैतागलेले, जो तो चिडवतोय. तसलं काही नको. देवमाणूस, देवदूत म्हटलं की आपलं काम संपतं, त्यांचा पगार वेळेवर झाला आणि मुक्कामाला झोपायला नीट खोली मिळाली तर ते जास्त बरं. शिवाय ते एकटे करतच नाहीत, फाट्यावरून डबा आत घेणारा पॅसेंजर, पुढं सरकवणारी बाई, स्टॉलवाला, कंट्रोलर, इतक्या हातांतून तो जातो, आणि इतक्या वर्षांत डबा हरवला असं माझ्या कानावर एकदाच आलंय, तोही नंतर दुसऱ्या पोरानं खाल्लेला निघाला.

माझं म्हणणं साधं आहे. फेरी चालू ठेवायची का बंद करायची हे भारमान बघून ठरतं, म्हणजे किती सीट भरल्या. सकाळच्या आमच्या गाडीत कधीकधी माणसं कमी आणि डबे जास्त असतात, कागदावर ती गाडी तोट्यातच दिसणार. कोण जाणे, उद्या ती बंद पण होईल, आणि ज्यानं बंद केली त्याला आपण काय बंद केलं हे कळणारच नाही, कारण डब्याचं तिकीट नसतं. म्हणून फेऱ्यांचा निर्णय घेताना गावाला एकदा विचारावं. आणि दुसरं, आता नवीन गाड्या येतायत, इलेक्ट्रिक पण येणार म्हणतात, इलेक्ट्रिकला पुढं इंजिन नसतं, बॉनेट नाही. चांगलंच आहे, धूर नाही, आवाज नाही. पण डबे ठेवायचे कुठं? ड्रायव्हरच्या पाठीमागं एक जाळीचं कपाट नाहीतर नुसते चार हुक लावले तरी भागेल, फार खर्चाचं काम नाही. स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनबाहेर एक फळी ठोकली तर त्यांची पण अडचण जाईल, सध्या त्यांना खुर्चीखाली डबे ठेवून पाय वर घेऊन बसावं लागतं.

तुमच्या तालुका प्रतिनिधीला जमलं तर एकदा सकाळच्या पहिल्या गाडीनं पाठवा, फोटो नको, नुसतं बघायला. बसायला मिळेलच असं नाही सांगता येत, आणि मिळालं तर दोन-तीन डबे मांडीवर घ्यावे लागतील, त्यातला एखादा सांडतो, तेव्हा पांढरी पँट घालून येऊ नका म्हणावं.

कळावे,
आपली एक वाचक,
ढेबेवाडी खोरे, ता. पाटण, जि. सातारा