तक्रार हरण्याची नाही, उत्तर न देण्याची आहे

प्रति,
मा. अध्यक्ष व ग्राहक सेवा विभाग

विषय : हंगामाच्या सुरुवातीची कामगिरी आणि जबाबदारी निश्चित करण्याबाबत

महोदय,

गेली 9 वर्षं आपल्या आइस हॉकी संघाची दोन सीझन तिकिटं माझ्याकडे आहेत. वरच्या मजल्यावर, गोलच्या मागे. मी मूळचा पुण्यातल्या खडकीचा. धनराज पिल्ले ज्या खडकीतून पुढे आले तिथेच मीही मातीच्या मैदानावर हॉकी खेळत मोठा झालो. कॅनडात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरची हॉकी पाहिली आणि तिचाही झालो. इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे, पण पोटतिडकीनं लिहायचं तर मला मराठीच लागते.

ऐंशीहून जास्त सामन्यांच्या हंगामात हार-जीत चालायचीच. पण उन्हाळ्यात तिकिटांचे दर वाढवताना आपण आम्हाला लिहिलं होतं की हा संघ अजिंक्यपदासाठी बांधला आहे. त्या वाक्यावर मी पैसे भरले. आता त्या वाक्याची जबाबदारी घ्यायला कुणी पुढे येत नाही, ही माझी तक्रार आहे.

ऑक्टोबरपासून मी घरचे सात सामने पाहिले. त्यांतल्या पाच सामन्यांत पहिल्या दहा मिनिटांतच आपल्यावर गोल झाला. गेल्या शनिवारी मुलगी खायला घेऊन जागेवर येईपर्यंत आपण 0-2 मागे होतो. पॉवर प्लेचं तर बघवत नाही. समोरचा एक गडी शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर, आपण पाच विरुद्ध चार, आणि तरी आपला बचावपटू दर वेळी मध्यावर येऊन तोच ड्रॉप पास मागे टाकतो. समोरच्यांना तो पाठ झालाय. त्यांचे चौघं आपल्या भागाच्या तोंडाशी, निळ्या रेषेवर उभे राहतात, पक (रबरी चकती) हिसकावतात आणि थेट आपल्या टोकाला मारतात. मग तो परत आणण्यातच अर्धा वेळ जातो. मला वरच्या रांगेतून हे दिसतं, तर प्रशिक्षकांनाही दिसत असणारच. मग सातव्या सामन्यातही तेच का?

सामन्यानंतर दर वेळी दुखापतींचं कारण पुढे येतं, नाहीतर ‘अजून खूप हंगाम बाकी आहे’ असं सांगितलं जातं. नोव्हेंबरअखेर, अमेरिकन थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला जे संघ प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, जागांवर असतात, त्यांतले बहुतेक एप्रिलमध्येही तिथेच असतात, हे या खेळातल्या कुणालाही नव्यानं सांगायला नको. ऑक्टोबरात सामना हरून घालवलेले 2 गुण मार्चमध्ये परत मिळत नाहीत.

गाडी रुळावर येऊ शकते, हे मलाही मान्य आहे. 2023 मध्ये आपल्याच लीगमधल्या एडमंटन संघानं पहिल्या 13 सामन्यांत फक्त 3 जिंकले होते. तेरावा जिंकला, तरी दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक बदलले. तोच संघ जून 2024 मध्ये स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत लढला. सेंट लुईसचा संघ जानेवारी 2019 च्या सुरुवातीला अख्ख्या लीगमध्ये तळाला होता, आणि जूनमध्ये त्यांनी कप उचलला. त्यांनीही आदल्या नोव्हेंबरातच प्रशिक्षक बदलले होते. दोन्हीकडे कुणीतरी वेळेवर मान्य केलं की हे बिघडलंय.

मात्र एकट्या प्रशिक्षकांचा बळी देऊन विषय मिटवू नका, ही कळकळीची विनंती. खेळाडू निवडले, करार केले, सॅलरी कॅपमधले (खेळाडूंच्या पगारावरच्या मर्यादेतले) पैसे कुणावर लावायचे हे ठरवलं ते जनरल मॅनेजरनी. हंगाम सुरू झाल्यापासून ते एकदाही आमच्यासमोर आलेले नाहीत. त्यांनी सीझन तिकीटधारकांची सभा घ्यावी आणि आमचे प्रश्न आधी न गाळता ऐकावेत. पॉवर प्ले कोण बघतं, सुरुवातीलाच संघ ढेपाळतो त्यावर काय करणार आणि कधीपर्यंत, हे तिथे सांगावं. जमलं नाही तर जबाबदार कोण, तेही तिथेच सांगावं.

याआधी दोनदा ई-मेल केले. दोन्ही वेळा ‘आपल्या निष्ठेबद्दल आभार’ एवढंच उत्तर आलं. या पत्राचं उत्तर स्वतःच्या नावानं सही करणाऱ्या माणसाकडून यावं. ते येईपर्यंत पुढच्या हंगामाच्या तिकिटांचं नूतनीकरण मी करणार नाही.

येत्या शनिवारी मात्र मी आणि मुलगी नेहमीच्या जागेवर असू.

आपला,
एक सीझन तिकीटधारक