मोनू, ती टेस्ट तुझ्यासाठी नाही

मोनू बेटा,

काल फोनवर तू किती खुश होता, आई घरबसल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची फिट टेस्ट केली, शौचात लपलेलं रक्त शोधणारी, निगेटिव्ह आली, आता कोलोनोस्कोपीची, म्हणजे नळी घालून आतडं बघायची, गरज नाही म्हणे. तेव्हा मी काही बोलली नाही पण रात्री झोप नाही लागली, म्हणून लिहून राहिली.

टेस्ट चांगलीच आहे रे. आमच्या लॅबमध्ये स्टूल ऑकल्ट ब्लड, म्हणजे शौचातल्या रक्ताचीच जुनी टेस्ट, करायचो तेव्हा तीन दिवसांचे तीन सॅम्पल लागायचे, कार्डावर थेंब टाकला आणि निळं झालं की रक्त, पण ते मटणानेही निळं व्हायचं, कच्च्या मुळ्यानेही, आणि व्हिटॅमिन सी जास्त पोटात गेलं की रक्त असूनही निळं व्हायचं नाही. म्हणून सावजी बंद, संत्री पण बंद सांगायचो, सीझनमध्ये लोक ऐकायचे नाहीत आणि मला रिपोर्टवर सही करताना धास्ती वाटायची. तुझी फिट फक्त माणसाचं हिमोग्लोबिन पकडते, पथ्य नाही काही नाही.

पण बाप्पा, ती रक्त शोधते, आणि पॉलिप, म्हणजे आतड्यात आतून वाढलेला मांसाचा कोंब, रोज थोडीच रक्त सोडतो. अमेरिकेत जवळपास 10,000 लोकांवर अभ्यास झाला, 2014 मध्ये छापून आला, त्यात फिटने 100 पैकी 74 कॅन्सर पकडले, शौचातला डीएनए पण तपासणाऱ्या टेस्टने 92. कॅन्सर व्हायच्या आधीचे मोठे पॉलिप मात्र फिटला 100 पैकी 24च सापडले. आणि काढून टाकायचे तर तेच असतात!

ज्यांच्या घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर नाही त्यांनी 45 नंतर दरवर्षी फिट करावी. सूनबाईला चालेल, फक्त पॉझिटिव्ह आली तर परत फिट करत बसायचं नाही, कोलोनोस्कोपीच करायची. तुझं तसं नाही. बाबांना 54 व्या वर्षी निघाला. आई-वडिलांपैकी कोणाला असला की 40 व्या वर्षी, नाहीतर त्यांच्या वयाच्या 10 वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा सरळ कोलोनोस्कोपी. तू 42 चा झाला.

आठ महिने बाबांना रक्त जात होतं आणि आम्ही मूळव्याध समजून मलम लावत बसलो, मी लॅबमधली बाई घरात असून. ते मला अजून सहन होत नाही रे.

धंतोलीत डॉक्टरांशी बोलली आहे मी. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, रात्रभर उठबस होते, मी राहीन जवळ, नारळपाणी आणून ठेवते. दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस जोडून ये. तिकीट काढलं की कळव, तारीख घ्यायची आहे.

आई