मागुराचं बी आणि तुझं शेततळं

जेऊर, ता. करमाळा, जि. सोलापूर
आषाढ

प्रिय बापू,

परवा फोनवर तू घाईत होतास आणि शेततळ्यात मागूर मासा वाढवायचा हा विषय घाईचा नाही, म्हणून पत्रच लिहितो. वहिनींनाही वाचायला दे, कारण शेवटी तळ्यावर लक्ष त्यांनाच ठेवावं लागणार आहे. तू पुण्याहून शनिवार-रविवारी मोहोळला येऊन मासे वाढवणार असशील, तर ते गणित आधीच सोडून दे.

पहिला विषय तुला मागुराचं बी, म्हणजे पिल्लं, विकू पाहणाऱ्या त्या एजंटचा. "सहा महिन्यांत किलोचा मागूर, बी घरपोच" असं तो म्हणतोय ना? देशी मागूर सहा महिन्यांत किलोचा होत नाही. पाणी नि खाद्य सगळं नीट सांभाळलं तरी सात-आठ महिन्यांत शंभर-सव्वाशे ग्रॅमचा होतो. म्हणजे त्यानं कबूल केलेलं वजनच सांगतंय की मासा दुसरा आहे. तो थाई मागूर, मूळचा आफ्रिकेतला. २००० सालीच केंद्र सरकारनं त्याच्यावर बंदी घातली, पुढे हरित लवादानंही त्याचे साठे नष्ट करायला सांगितलं. तरी लोक चोरून करतात, खाटीकखान्यातली घाण घालून वाढवतात. तुझं तळं सीनेपासून फार लांब नाही. एका पुरात तो मासा नदीत उतरला की पुढे भीमेत जाणार, आणि समोर येईल ते खाणार. बाहेरून आलेल्या चिलापी माशानं उजनी धरणात कसा जम बसवलाय ते इथल्या कुठल्याही जाळेवाल्याला विचार. त्या एजंटला नाही म्हणून टाक.

देशी मागूर मात्र खरोखर आपल्या मुलखाचा मासा आहे. कल्ल्यांबरोबरच हवेतून श्वास घ्यायचं वेगळं इंद्रिय त्याला असतं. त्यामुळे मे महिन्यात पाणी आटून तळं गढूळ झालं, प्राणवायू कमी झाला, तरी वर येऊन घोट घेतो आणि जगतो. कटला-रोहू अशा पाण्यात पहाटे उलटे पडलेले दिसतात. आपल्याकडे पाऊस किती पडतो आणि उजनी कितीदा उन्हाळ्यात वजा टक्क्यांत जाते हे तुला सांगायला नको. म्हणून हा मासा मला पटतो.

पण बापू, हे सगळं मोठ्या मागुराचं झालं. पिल्लाला ते इंद्रिय जन्मतः नसतं. ते तयार व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर ते पिल्लू इतर कुठल्याही माशाच्या पिल्लाइतकंच, किंबहुना जास्तच, नाजूक. या धंद्यातला नफा-तोटा त्याच दोन आठवड्यांत ठरतो असं माझं मत आहे, आणि लोक नेमके तिथेच दुर्लक्ष करतात. तळं खोदायला लाख घालतील, एअर पंपाला बॅटरी लावायला मात्र हात आखडतील.

आता प्रजननाचं. मागूर पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात, अंड्यावर येतो. नर-मादी ओळखायला पोट आणि गुदद्वाराजवळची गाठ बघायची. नराची लांबट, टोकदार असते. मादीची गोल, लालसर, आणि पोट फुगीर, मऊ. मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन पाठीवरच्या पराजवळ, मांसात द्यायचं. ओवाप्रिमसारखं औषध किलोला साधारण एक मिली या हिशेबानं. दीडशे ग्रॅमची मादी म्हणजे थेंबांचाच हिशेब, म्हणून इन्शुलिनची बारीक सिरिंज वापरतात. संध्याकाळी टोचलं की सोळा-सतरा तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी, मादीचं पोट हळू दाबून अंडी काढायची.

नराचं मात्र तसं नाही. त्याचं वीर्य पोट दाबून निघत नाही. नर मारून वृषण काढावं लागतं, ते मिठाच्या द्रावणात कुस्करून अंड्यांवर घालावं लागतं. आमचे आबा माळकरी. आषाढीच्या तोंडावर हे काम शेडमध्ये चालतं आणि ते तिकडे फिरकतही नाहीत. घरात कुणी वाद घालत नाही, पण त्या आठवड्यात माझं जेवण शेडवर येतं. तुझ्या घरीही माळ आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

इंजेक्शन देऊन माशाची पैदास करायची ही विद्या आपल्याकडे आधी कार्पवर, म्हणजे कटला-रोहूच्या जातीच्या माशांवर, जमली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुलला हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी ते करून दाखवलं. त्याआधी बी म्हणजे पुराच्या नदीतून जाळ्यानं गोळा करायचं, आणि त्यात कोणकोणते मासे येतील याचा भरवसा नसायचा. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्यावरूनच. मागुराची पद्धत भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं नीट बसवली.

अंडी चिकट असतात. पसरून, वाहत्या पाण्याच्या टबात ठेवायची. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर राहिलं तर साधारण एका दिवसात फुटतात. पांढरी पडलेली अंडी लगेच काढ, नाहीतर बुरशी चांगल्या अंड्यांवर चढते. जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू, पहिले तीन-चार दिवस पोटाच्या पिशवीवर जगतं. त्या दिवसांत खायला घालू नकोस, पाणी खराब होण्यापलीकडे काही होणार नाही. पिशवी संपली की मात्र भूक प्रचंड. आर्टिमिया नावाचे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, नाहीतर शेणखताच्या टाकीत वाढवलेले बारीक पाणकिडे गाळून द्यायचे. पुढे ट्युबिफेक्स नावाचे गांडुळासारखे बारीक किडे चिरून.

पिल्लं अंधारात गोळा होतात, टबाच्या कोपऱ्यात एकावर एक चढतात, म्हणून टबावर अर्धं झाकण घाल आणि खाद्य संध्याकाळी जास्त दे. पाणी वीतभरही खोल नको. तळाची घाण रोज नळीनं ओढून काढायची. बोअरचं पाणी थेट सोडू नकोस. एक दिवस उघड्या टाकीत खळखळवून घे, त्यात प्राणवायू नसतो. टँकरचं पाणी क्लोरीनचं असलं तर सगळंच संपलं. शेतीच्या लाइनला वीज आठ तास, त्यातही कधी रात्रीची. त्यामुळे एअर पंपाला बॅटरी हवीच. पत्र्याखाली टब ठेवू नकोस, आपल्या उन्हात पत्रा तव्यासारखा तापतो. वर गोणपाट टाकून पाणी मारत राहा.

दोन आठवड्यांनी पिल्लू वर येऊन हवा घ्यायला लागलं की धोका कमी होतो. मग महिनाभर छोट्या हौदात, एक ग्रॅमची बोटुकली होईपर्यंत. तिथे चतुराच्या अळ्या आणि पाणभुंगे पिल्लं फस्त करतात, वर खंड्या आहेच. हौदावर जाळी टाक. लहान-मोठी वेगळी काढत जा.

माझं सांगणं एवढंच की पहिल्या वर्षी प्रजननाच्या भानगडीत पडू नकोस. खात्रीचं देशी बोटुकली बी घे, आणि बी विकणाऱ्याच्या तळ्यावर जाऊन ज्यांचं बी आहे ते नर-मादी बघून घे. दुसऱ्या वर्षी जिरे आणून वाढव. ते जमलं तर तिसऱ्या वर्षी इंजेक्शन. तुझ्या तळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर आहे, तरी काठाला कमरेएवढी जाळी लाव. पहिल्या पावसात हे मासे सरपटत बाहेर निघतात. विकायचा विचार आत्ताच कर: बंगाल-आसामात आजारातून उठलेल्याला मागूर देतात, सोलापूरच्या बाजारात मात्र लोक आधी मरळ मागतात. जिवंत नेऊन विकावा लागेल. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला चाळीस टक्के, महिलांना साठ टक्के अनुदान आहे. अर्ज वहिनींच्या नावानं टाकायला हरकत नाही, काम तर त्याच करणार.

पुढच्या शनिवारी ये. येताना तळ्यातलं आणि बोअरचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून आण, बाटल्यांवर नाव टाक. आणि तळ्याची लांबी-रुंदी टेपनं मोजून लिहून आण, अंदाजानं नको.

तुझाच,
बंड्या