चावी फिरायची, गाडी मात्र गप्प

जुन्या पिकअपची चावी फिरायची, पण स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, हूं की चूं करत नव्हता. बॅटरी बदलून झाली होती, नवा स्टार्टर घ्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात मदतीला आलेल्या तुम्हा अनोळखी मंडळींनी विचारलंत, "चावी फिरवताना हाताला सैल लागते का?" त्या एका प्रश्नानं सगळं उलगडलं. चावीचं कुलूप वर, विजेचा स्विच खाली स्टिअरिंग कॉलमवर (स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीच्या नळीवर), दोघांना जोडणारी एक बारीक सळई; तिला ढकलणारा धातूचा तुकडाच मोडला होता! गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, स्विच हातानं सरकवला आणि इंजिन सुरू झालं. कॉलम उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावलीत, हेही विसरणार नाही. तुमची नावं मला ठाऊक नाहीत. माझ्या गाडीसाठी दोन रात्री जागलात, मनापासून आभार.