रक्त येतंय तिथेच घास

सातारा, १२ ऑक्टोबर

प्रिय दिल्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, "सिगारेट सोडून दोन महिने झाले आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. त्यापेक्षा ओढत होतो तेच बरं!" तू हसलास, मला काही हसू आलं नाही. फोनवर वाद घातला असता तर तू क्रिकेटवर गेला असतास, म्हणून कागद घेऊन बसलोय.

रक्त आत्ता दिसायला लागलंय, दुखणं जुनंच आहे. सिगारेटमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत सूज असली तरी हिरडी फिकी आणि घट्ट दिसते, रक्त फारसं येत नाही. उलट ओढणाऱ्यांच्या दाताखालचं हाड इतरांपेक्षा जास्त झिजतं. वीस वर्षं तू ती सूज धुराखाली झाकून ठेवलीस, आता झाकण उघडलंय. घाबरून पुन्हा पेटवू नकोस, एवढंच.

दुसरं बोललास ते जास्त वाईट. रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रशच लावत नाहीस. अरे, मीही हेच केलं होतं! हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, त्यानेच ती सुजते. घासायचं सोडलं की थर वाढतो, सूज वाढते, रक्त वाढतं, आणि आपण आणखी घाबरून हात आखडता घेतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो या संशोधकाने निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, बिचारे.

पण असं पूर्ववत होणं हिरडी नुसती सुजलेली असते तोवरच. पुढे ती दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, आणि खाली हाड झिजतं. ते आपोआप भरून येत नाही. लोक त्यालाच पायरिया म्हणतात. डॉक्टरांनी माझ्या हिरडीत खुणांची बारीक सळी घालून मापं सांगितली होती: "तीन, तीन, सात." तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. त्या सातवाली खालची दाढ शेवटी काढावी लागली. हातात घेऊन बघितली तर कीड म्हणशील तर टिपकासुद्धा नाही! दुखलीही नव्हती कधी. म्हणून तर कळलं नाही.

आमच्या आत्याने जन्मभर मिश्री लावली. "दात कसे शिवशिवत नाहीत बघ," म्हणायची. पन्नाशीत कवळी आली. तंबाखू भाजून घासला तरी तंबाखूच.

"मशीनने साफ केले की दात हलतात" हे तुझं पेटंट वाक्य मला ठाऊक आहे. दातांत कीटण दगडासारखं घट्ट बसलेलं असतं, ते निघालं की फटी उघड्या पडतात, सूज उतरते, आणि आधीपासूनच सैल असलेला दात सैल वाटतो. थर एकदा कडक झाला की घरच्या ब्रशने निघत नाही, बापजन्मात नाही. ते काम डॉक्टरांचं. रोजचं काम आपलं: मऊ ब्रश, हिरडीच्या कडेशी तिरका धरून, हलक्या हाताने, दोन मिनिटं, आणि रात्री झोपताना चुकवायचं नाही. दोन दातांमध्ये ब्रश पोचत नाही, तिथे मेडिकलमध्ये मिळणारा छोटा इंटरडेंटल ब्रश घालायचा. पहिले काही दिवस रक्त येईल. येऊ दे. लाल मंजन मात्र फेकून दे, ते खरखरीत असतं.

आणि तुझी साखर. ती वाढलेली असली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला त्रास देते. डॉक्टरांना डायबेटिस आहे हे आधी सांग, लपवू नकोस. वहिनींना सांगून ठेवलंय मी.

पुढच्या शनिवारी सकाळी अकराची वेळ माझ्याच दंतवैद्यांकडे तुझ्या नावाने घेतली आहे. दहाच्या आत घरी ये, सोबत जाऊ. येताना कंदी पेढे आणू नकोस, इथे मिळतात.

तुझा,
बंड्या